रविवारचं ॲव्हरेज

व्हॅनच्या एअर फिल्टरला एक सोंड असते.
सोंडेवर एक खटका: इकडे उन्हाळा, तिकडे हिवाळा.
आमचा उन्हाळ्यावरच गंजून बसलेला.
भुसावळात तो हलवायचा तरी कशाला?

मामंजी म्हणाले, हलवून पाहू.
एकतीस वर्षं लोको शेडमध्ये काढलेला माणूस,
गंजाला भीत नाही.
खटका तुटला.

मग याकूब पिंजाऱ्याच्या गॅरेजातून
ॲल्युमिनियमचा चुण्या-चुण्यांचा पाइप आणला,
एक टोक सायलेन्सरच्या तापत्या गळ्याशी, एक सोंडेत,
दोन क्लिपा, सत्तर रुपये.
"गरम हवा पाजू राह्यली गाडीले?" याकूब हसला,
"आपल्या गावात? थांब की व माय,
एप्रिल फुकट पाजीन."

पण डिसेंबर होता.
दीपनगरचा धूर सरळ वर चाललेला,
म्हणजे वारा नाही, म्हणजे निघायला हरकत नाही.
एका वेळी एकच बदल, मामंजींचा नियम.
रविवारी शाळेची पोरं नसतात.
पहाटे साडेपाच, बाविस्करचा पंप,
पेट्रोल पहिल्या खट्‌पर्यंत, पुढे थेंब नाही.
चारी टायर तीस. काचा बंद. चौथा गिअर, पन्नास.
तापीच्या पुलावरून यावल, स्टँडला वळसा, परत,
तोच पंप, तोच नोजल, तोच खट्.

मागच्या सीटवर मामंजी, मांडीवर वही,
बॉनेटखालून आणलेली थर्मामीटरची तार हातात.
"मी पण मालच आहे," म्हणायचे,
"मालाचं वजन लिहावं लागतं."
म्हणून निघायच्या आधी केळीच्या वखारीत,
काट्यावर, चपला काढून:
बासष्ट.

पाइप नाही. हवा एकोणीस. चौदा पूर्णांक एक.
पाइप आहे. हवा त्रेपन्न. चौदा पूर्णांक नऊ.
मी पुलावर हॉर्न वाजवला, उगाच.
"हॉर्नला बॅटरी लागते, बॅटरीला इंजिन.
लिहू का?"
पाइप नाही. चौदा पूर्णांक सहा.
आता हे काय?
"तुझा पाय शिकला," ते म्हणाले,
आणि शेरा या रकान्यात लिहिलं: पाय.
पाइप आहे. चौदा पूर्णांक तीन.
शेरा: पुढे केळीचा ट्रक, यावलपर्यंत साइड नाही.

फेब्रुवारीत मी वही नीट उतरवायला बसले.
ॲव्हरेज वर-खाली. हवा वर-खाली.
एकच रकाना एका दिशेनं चालला होता.
बासष्ट. साडेएकसष्ट. साठ.
अठ्ठावन्न.

त्यांना माहीत होतं.
रविवारी सीटवर त्यांच्या शेजारी ज्वारीची पिशवी,
चार किलो, तोंड सुतळीनं बांधलेलं.
"माल कमी भरला की ॲव्हरेज खोटं बोलतं."
त्या दिवशी मी पन्नासच्या वर गेले,
चाळीसवर आले, पुन्हा वर.
ती फेरी आम्ही धरली नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी वही उलटीपालटी करून पाहिली.
"हा तर पेट्रोलचा हिशोब."
मी त्या रकान्यावर बोट ठेवलं.
"दर आठवड्याला? कोणी मोजलं हे?"
"मालानंच," मी म्हणाले.

एप्रिलमध्ये याकूबचं खरं झालं.
चढावर इंजिन खडखडायला लागलं, पाइप काढून ठेवला.
सगळ्या मिळून बारा फेऱ्या. फरक अर्धा किलोमीटरही नाही,
तोही पाइपचा, की वाऱ्याचा, की माझ्या पायाचा,
सांगता येत नाही.
तसंच लिही, मामंजी म्हणाले.
लिहिलं.

त्याच वहीत आता मागच्या पानापासून
गोळ्यांच्या वेळा आहेत.
परवा काटा साडेअठ्ठावन्न म्हणाला.
घरी येऊन त्यांनी पिशवी सोडली,
अर्धा किलो ज्वारी मापून काढली,
डब्यात परत ओतली,
सुतळीची गाठ दातानं ओढून घट्ट केली
आणि विचारलं,
टायरमधली हवा पाहिली का.